मदत हवी आहे: इथल्या लायब्ररीतून मराठी पुस्तकं कशी मागवायची?

सासूबाई सहा महिन्यांसाठी शिकागोजवळ आमच्याकडे आल्यात आणि त्यांना अमेरिकेतलं सगळ्यात काय आवडलं असेल तर गावातली पब्लिक लायब्ररी, नायगारा वगैरे सगळं नंतर! वर्गणी नाही, डिपॉझिट नाही, नेताना पुस्तकं मशीनवर ठेवली की झालं, परत करायला बाहेर पेटी आहे, गाडीतून उतरायचीही गरज नाही. शिकागो शहराच्या लायब्ररीने २०१९ पासून लेट फीच बंद केली म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग लोक परत कशाला करतात गं?" 😄

आता त्यांना मराठी वाचायचंय. १९६० च्या दशकात पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखाली आलेल्या गव्हाचे पैसे भारत रुपयांत द्यायचा, त्यातून अमेरिकन लायब्रऱ्यांनी भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली, शिकागो युनिव्हर्सिटीकडेही मराठी बरीच आहेत. इंटरलायब्ररी लोनने (म्हणजे आपल्या लायब्ररीमार्फत दुसऱ्या लायब्ररीतून) मागवता येतील ना? पण कॅटलॉगमधे नावं रोमन लिपीत, मी "Vyankatesh" टाइप केलं तर काहीच नाही, "Venkatesh" टाकल्यावर ढीगभर निघाली! कुणी मागवलीत का? स्पेलिंगचं काय करता? आणि लायब्ररीचं कार्ड माझं असलं तरी चालतं ना? प्लीज सांगा, त्या रोज विचारतायत.