आईनस्टाईनची घरची पत्रं आपण वाचावीत का?

कडुलिंब:
परवा जेवणं झाल्यावर आईनस्टाईनची ती यादी वाचली. जुलै १९१४, बर्लिन. बायकोला, मिलेवाला, चक्क कलमं पाडून लिहून दिलेल्या अटी: कपडे नीट ठेवायचे, तीन वेळचं जेवण खोलीत आणून द्यायचं, लिहिण्याचं टेबल फक्त माझं, आणि मी सांगितलं की बोलणं बंद करायचं. तोंड कडू झालं. मग वाटलं, मी हे वाचतोय कशाला? नवरा-बायकोच्या भांडणातला कागद. सापेक्षता त्याने तसूभर हलत नाही. माझं मत: शोधनिबंध जगाचे, पत्रं घरच्यांची.

वरणफळ:
अजिबात पटलं नाही. घरच्यांकडेच राहिली असती तर लीझर्ल कुणाला कळली असती? लग्नाआधी, १९०२ च्या सुरुवातीला झालेली मुलगी. जगाला तिचा पत्ता लागला तो पत्रं १९८७ मध्ये छापली गेली तेव्हा. बापाला जाऊन ३२ वर्षं झाली होती! तिचा शेवटचा उल्लेख सप्टेंबर १९०३ च्या पत्रात, स्कार्लेट फीवर झालाय म्हणून. पुढे कागद गप्प. त्या लेकराच्या नावावर एवढ्याच ओळी, त्याही झाकायच्या?

तिरकी रेघ:
धागाकर्त्याशी सहमत. १९११ मध्ये मेरी क्युरी आणि विवाहित भौतिकशास्त्रज्ञ लांजव्हँ यांची चोरलेली प्रेमपत्रं पॅरिसच्या पेपरात छापली, तेव्हा काय झालं आठवा. बाईंना दुसरं नोबेल जाहीर झालेलं, आणि नोबेल समितीतला स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियससारखा माणूस लिहितो की स्टॉकहोमला येऊ नका. बाईंनी कळवलं, बक्षीस रेडियम-पोलोनियमचं आहे, खासगी आयुष्याचा संबंध नाही. आणि गेल्या. गंमत म्हणजे त्याच वर्षी नोव्हेंबरात 'असला कचरा वाचूच नका' असं त्यांना लिहिणारा कोण? आईनस्टाईनच!

वरणफळ:
अहो, चोरी वेगळी आणि दप्तर उघडणं वेगळं. आईनस्टाईनची सावत्र मुलगी मार्गोट, तिने आपल्या मृत्यूनंतर २० वर्षं पत्रं बंद ठेवायची अट घातली. ती १९८६ ला गेली, हिब्रू विद्यापीठाने २००६ ला उघडली. कुलूप घरच्यांचं, किल्लीची तारीखही घरच्यांचीच.

सुपारी_कतरण:
माझा मुद्दा तिसराच. ही पत्रं म्हणजे फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकणं. सुरुवातीच्या काळातली आईनस्टाईनची पुष्कळ टिकली, मिलेवाची फार थोडी. मार्च १९०१ च्या पत्रात तो सापेक्ष गतीवरचं 'आपलं काम' म्हणतो. त्या एका शब्दावर कुणी तिला सहलेखिका करतं, कुणी प्रेमातली लाडीगोडी म्हणून सोडून देतं. (आमच्या आजोबांची पत्रं तारेला टोचलेली असायची, सगळी 'सा. न. वि. वि.' ने सुरू. आजीने लिहिलेलं एकही नाही. तिचं म्हणणं काय होतं ते त्या तारेवरून कसं कळणार?)

वरणफळ:
म्हणून तर उरलंय ते वाचायचं! आणि मिलेवाचं उत्तर हवंच असेल तर आहे: अटी आधी मान्य केल्या, पण महिना संपायच्या आत दोन्ही मुलांना घेऊन झुरिक गाठलं.

कडुलिंब:
बरं, हा मुद्दा बिनतोड. तरी मत बदललं नाही, यादी वाचल्याची लाज वाटतेच. पण खोटं कशाला बोलू, पुढचीही वाचली. नोव्हेंबर १९१५, सामान्य सापेक्षतेचं गणित हातघाईवर आलेलं, आणि हा ११ वर्षांच्या मुलाला, हान्स आल्बर्टला, लिहितोय की पियानोवर तुला आवडेल ते वाजव, मास्तरांनी दिलं नसलं तरी. रंगून गेल्यावर वेळेचं भान राहत नाही, तेव्हाच जास्त शिकणं होतं. हे लेकीला वाचून दाखवलं. ती कीबोर्डच्या क्लासला जाते. म्हणाली, "बाबा, हे सरांच्या व्हॉट्सॲपवर टाक."