मध्यस्थीच्या प्रार्थनेचा पहारा: विनंत्यांची वही आवरत नाहीये, मदत हवी आहे

जय ख्रिस्त सगळ्यांना. आमचा छोटा ग्रुप आहे, पहाटे एक तास आळीपाळीने मध्यस्थीची (म्हणजे इतरांसाठी) प्रार्थना करतो, मेसेजवर आलेल्या विनंत्या वहीत उतरवतो (वही ग्रुपबाहेर जात नाही). अडचण अशी की विनंत्या वाढतच चालल्यात, आजारपण, नोकरी, कोर्टाची केस, कुणाचा मुलगा घरी बोलतच नाही, आणि तास संपतो तेव्हा नुसती नावं वाचून झालेली असतात. याला प्रार्थना म्हणायचं की हजेरी, देव जाणे.

वारांप्रमाणे विषय वाटून बघितले, पण काही तातडीचं आलं की सगळं कोलमडतं. प्रत्येक विनंतीसमोर बायबलमधलं एक वचन लिहिणं मात्र जमलं, ते चालू ठेवणार. यशया 62:6-7 मधले पहारेकरी परमेश्वराला आठवण देत राहतात, लूक 18 मधली विधवाही न्यायाधीशाचा पिच्छा सोडत नाही, म्हणून उत्तर आलं नाही तरी नाव खोडायला मन धजत नाही. जर्मनीतल्या हर्नहुट गावच्या मोरेव्हियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळीत 1727 मध्ये 24 पुरुष आणि 24 स्त्रियांनी प्रार्थनेचा एकेक तास वाटून घेतला आणि तो पहारा शंभरावर वर्षं चालला, पण तेवढी माणसं आमच्याकडे नाहीत आणि वेळही वाढवता येत नाही, बहुतेकांना नंतर कामावर जायचं असतं. 'आत्मा सुचवेल तसं करा' हे मान्यच आहे, मला रोजची पद्धत हवीय.

ज्यांनी असा पहारा बरीच वर्षं चालवलाय त्यांनी सांगा, उत्तर न आलेली जुनी विनंती वहीत किती काळ ठेवता, आणि काढायची झाली तर देणाऱ्याला विचारून काढता का?