पुणे ते वर्धा - गाडीने जावं की नागपूरपर्यंत विमानाने? मदत हवी आहे

मे महिन्यात वर्ध्याला मामेभावाचं लग्न आहे. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि आई (गुडघेदुखी, दोन तासांच्या वर सलग बसवत नाही). ट्रेनचं वेटिंग बघून नाद सोडला. नवरा म्हणतोय समृद्धी झालाय आता, गाडीने आरामात जाऊ, गूगल सव्वासहाशे-साडेसहाशे किमी दाखवतंय. मला वाटतंय विमान बरं, हवेतून पुणे-नागपूर सहाशेच्या आसपासच आहे म्हणे, दीड तासात पोचतो, पण मग नागपूरहून परत उलटं वर्ध्याला यायचं. घर सिंहगड रोडला आहे. कोणी इतक्यात गेलं असेल तर खरा वेळ किती लागतो ते सांगा, गूगलचा नको.

प्रतिसाद १:
मी वर्धेकडचाच, पुण्यात नोकरी, त्यामुळे दोन्ही करून झालंय. गाडीने खरी कटकट पुणे ते संभाजीनगर, अंतर जेमतेम २३५ किमी पण वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव करत पाच तास जातातच, पहाटे चारला निघालात तर थोडे वाचतील. तिथून समृद्धीला लागलात की येळाकेळीचं एक्झिट, तिथून वर्धा अगदी जवळ. हा पट्टा साधारण पावणेचारशे किमी, चार तास धरा. आईंसाठी थांबे धरले की दिवस गेला, अकरा तास नक्की.
विमानाचा दीड तास कागदावर हो. सिंहगड रोड ते लोहगाव, तिथे दोन तास आधी, उतरल्यावर बॅगा, मग टॅक्सीने पाऊणशे किमी, सगळं मिळून सात तास होतात. एक बरं आहे की नागपूरचं एअरपोर्ट वर्धा रोडलाच आहे, शहरात शिरायची गरज नाही, बुटीबोरीवरून वळलं की झालं. आईंना एअरपोर्टवर व्हीलचेअर मागा, तिकीट काढतानाच सांगून ठेवायचं.

प्रतिसाद २:
गाडीने जाणार असाल तर आधी टायर बघा. मे महिना, सिमेंटचा रस्ता आणि कारला १२० ची लिमिट, जुने टायर फुटतात. रस्ता इतका सरळ आहे की डोळा लागतो, एकट्याने सलग चालवू नका.

धागाकर्ती:
खूप धन्यवाद दोघांनाही! अकरा तास ऐकून नवरा गप्प झालाय :) आता असं ठरतंय की मी, आई आणि लेक विमानाने, आणि तो आहेराचं सामान घेऊन गाडीने, सोबत त्याचा भाऊ म्हणजे आलटून पालटून चालवतील. सुट्ट्यांमुळे तिकीट महाग होईल ना, कधी काढू? आणि नागपूर एअरपोर्टवरून वर्ध्याची टॅक्सी तिथेच मिळते की आधी सांगून ठेवावी लागते?

प्रतिसाद १:
तिकीट आजच काढा, मे जवळ आला की भाव चढतातच. टॅक्सी मिळते हो, पण लग्नघरातूनच कोणाला तरी गाडी घेऊन बोलवा, मामाला फोन लावा सरळ.