मदत हवी आहे: मंडळात 'पॅडमॅन' दाखवायचाय, पण चोरीची प्रत नको

नमस्कार. आम्ही इंदूरच्या रामबागेतल्या बायका. यंदा हळदीकुंकवाला 'पॅडमॅन' (२०१८) हा मासिक पाळीच्या विषयावरचा चित्रपट दाखवायचं ठरवलंय. 'कावळा शिवला' म्हणून माझी आजी तीन दिवस कोपऱ्यात बसायची. परवा तेरा वर्षांची भाचीही लोणच्याच्या बरणीपासून लांब राहिली, तेव्हा पोटात कालवलं.

एकीनं टेलिग्रामवरची फाइल पाठवलीय. ती मला नकोच. असे विषय हाती घेणारे निर्माते आधीच मोजके, त्यात त्यांचीच कमाई बुडवायची? शिवाय २०२३च्या कायदादुरुस्तीनं चित्रपटाची चोरून प्रत काढणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

घरच्या ओटीटी वर्गणीवर साठेक बायकांना मोठ्या पडद्यावर दाखवलेलं चालतं का? नसेल तर परवानगी कोणाकडे मागायची, साधारण किती पैसे लागतात? कुणी असा खेळ लावला असेल तर कृपया सांगा.