काउंटरसमोर उघडलेली बॅग: तुमचे अनुभव लिहा

काल माळ्यावरून जुनी सूटकेस काढली. हँडलला टॅगचा चिकट तुकडा अजून तसाच होता. तो नखाने खरवडताना सगळं आठवलं. बाबांना पहिल्यांदाच विमानाने घेऊन निघाले होते. मर्यादा २३ किलो, काट्यावर त्यांची बॅग २६.४. माझी जेमतेम १९. म्हटलं, दोन्ही मिळून मोजा ना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुमच्या तिकिटावर नग मोजतात, एकीतली शिल्लक दुसरीला चालत नाही. पैसे भरते म्हटलं तर बाबांनी हात धरला. तिथेच फरशीवर मांडी घालून बसले, बॅग उघडली. सगळ्यात वर आईने विणलेला स्वेटर. मागे रांग खोळंबलेली, बाबांनी मान वर केली नाही. स्वेटर अंगात, त्यावर जाकीट, जाकिटाच्या दोन्ही खिशांत पुस्तकं. भर उन्हाळ्यात तसेच विमानात बसले. मी चिडले होते त्यांच्यावर, फार चिडले होते.

तुमचंही लिहा.

*

ताई, वाचून गलबललं. बाकी नंतर लिहिते, बाळ उठलं.

*

नगाचा नियम मीही ठेच लागूनच शिकलो. तिकिटावर '१ पीसी' असेल तर नग, '३० के' असेल तर किलो. किलोवाल्यात एकत्र प्रवास करणाऱ्यांची बेरीज बऱ्याच ठिकाणी धरतात. आणि पैसे भरले तरी एक बॅग ३२ किलोच्या वर सहसा घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्रश्न असतो. आमची ३४ भरली होती. तिथेच दुसरी बॅग विकत घ्यावी लागली.

*

आमचं गेटवर झालं. वर जागा नाही म्हणून केबिन बॅग मागितली, घाईत दिली. सीटवर बसल्यावर लक्षात आलं, काकांचं इन्सुलिन आत! विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. हवाईसुंदरीला सांगितलं, तिने धावपळ करून बॅग परत आणवली. तेव्हापासून औषधं, कागदपत्रं आणि पॉवर बँक वेगळ्या छोट्या पिशवीत. गेटवर बॅग द्यायची वेळ आली की ती पिशवी आधी बाहेर.

*

पॉवर बँक तशीही चेक-इनमध्ये चालतच नाही. १०० वॉट-अवरपर्यंत (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप) केबिनमध्ये नेता येते, त्यापुढे १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते.

*

माझ्या पॉवर बँकवर वॉट-अवर लिहिलेलंच नाही, नुसतं २०००० एमएएच आहे. परवा निघायचंय, कुणीतरी सांगा.

*

एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले १०००. बारीक अक्षरात ३.७ व्होल्ट दिसेल. तुमचे ७४ झाले, निर्धास्त न्या.

*

देवासारखे धावून आलात.

*

बेल्टवर माझी बॅग तीन चाकांवर आली. दमले होते, सरळ घरी गेले. तक्रार पंधरा दिवसांनी केली, ती फेटाळली. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू असेल तर मोडतोडीची लेखी तक्रार ७ दिवसांत करावी लागते, उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत. कृपा करून विमानतळ सोडायच्या आधी बॅगेकडे नीट बघा आणि सामानाच्या काउंटरवरून 'पीआयआर', म्हणजे बॅगेच्या तक्रारीची नोंद, लिहून घ्या. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

*

अवांतर: कडक बॅग बरी की कापडी? आमची कडक रिकामीच साडेचार किलो आहे.

*

कापडी. आणि जादा वजन लागणारच असेल तर आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा, काउंटरवर बहुतेक वेळा महाग पडतं. दोन वेगळी तिकिटं असतील तर दोन्हींचे नियम वाचा. आमचं पहिल्या विमानात चाललेलं सामान दुसऱ्याने अडवलं.

*

इन्सुलिनवाले काका आता बरे आहेत ना?

*

हो, ठणठणीत. हा धागा त्यांनाच वाचून दाखवतोय.

*

ताई, बाबा कसे आहेत तुमचे? आणि तो स्वेटर?

*

मजेत आहेत, पुढच्या महिन्यात परत येतायत, म्हणून तर सूटकेस काढली. हे सगळं त्यांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, "मला काही उकडलं नव्हतं." स्वेटर आणतायत. आत्ताच फोटो पाठवलाय: बॅग हातकाट्याला लटकवलेली, एका हाताने तोल सावरलेला, आकडा २२.१.