मुंबई बंदरात जेवायला कुठे जाता? अनुभव धागा

मुंबईत कुठे खायचं याच्या याद्या चिक्कार मिळतात. मला यादी नकोय. तुम्ही पदरचे पैसे देऊन जिथे पुन्हा पुन्हा जाता, त्या जागेबद्दल लिहा. काय मागवता, किती वाजता जाता, शेजारच्या टेबलावर कोण बसलेलं असतं, तेही लिहा. बंद झालेल्या जागांबद्दल लिहिलंत तरी चालेल.

हे मुद्दाम विचारतेय. इथली जुनी खाण्याची ठिकाणं मौजेसाठी निघालेली नाहीत. गोदी, गिरण्या, पेढ्या, बोटी यांवर कामाला आलेला माणूस बहुतेक वेळा एकटा असायचा, खोलीवर चूल नसायची. त्याला दोन वेळा पोटभर घालायला ही ठिकाणं उभी राहिली. त्यामुळे प्रत्येकाची आपली एक वेळ आहे. ती चुकली की तीच जागा फिकी वाटते आणि लोक उगाच नाव ठेवतात.

सुरुवात मीच करते. माझी नोकरी बॅलार्ड इस्टेटमध्ये, एका शिपिंग कंपनीत होती. ही जमीनही बंदरानेच दिलेली आहे. अलेक्झांड्रा गोदी (आताची इंदिरा गोदी) खणताना निघालेल्या मातीचा भराव घालून पोर्ट ट्रस्टने ती तयार केली आणि तिथल्या इमारतींचा एकसारखा देखणा चेहरा वास्तुविशारद जॉर्ज विटेटने ठरवला. त्याच रांगेत १९२३ सालापासून ब्रिटानिया आहे. उंच छत, जुन्या लाकडी खुर्च्या, काचेखाली चौकडीचे टेबलक्लॉथ. आमच्या ऑफिसात पगार झाला की तिथे बेरी पुलाव ठरलेला.

हा पुलाव खायची एक पद्धत आहे. ताट आलं की वर तळलेला कांदा आणि लालभडक बारीक बेऱ्या दिसतात. या बेऱ्या म्हणजे इराणी झेरेश्क. चमचा वरच्यावर फिरवायचा नाही, तळापर्यंत घालायचा. मटण भाताखाली असतं आणि त्याचा रस खालच्या भातातच मुरलेला असतो. प्रत्येक घासात एखादी तरी बेरी यायला हवी, कारण तिच्या आंबटपणामुळे तुपाचा जडपणा जाणवत नाही. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. मालक बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलापाशी येऊन ऑर्डर घ्यायचे, चौकशी करायचे. २०१९ साली ते गेले. त्यांच्या हातून ऑर्डर दिली गेली याचं मला फार मोल वाटतं.

आता तुम्ही लिहा.

रात्रपाळी

मी गोदीत मालाच्या शेडवर होतो. रात्रपाळी सुटली की भूक अशी लागायची की घरापर्यंत धीर निघायचा नाही. मग आम्ही भाऊच्या धक्क्यावर जायचो. पहाटे तिथे ट्रॉलर लागलेले असतात, टोपल्या उतरत असतात, लिलावाचा गलका चालू असतो, पायाखाली बर्फाचं पाणी. तिथल्या गाडीवरचं डबल ऑम्लेट, कडक पाव आणि कटिंग. हात धुतले तरी मासळीचा वास जात नाही, पण त्या वेळी त्याचं काही वाटत नाही. आमच्या वडिलांची पिढी याच धक्क्यावर कोकणातल्या बोटीतून उतरली. आता इथून रेवस-मोऱ्याच्या लाँच सुटतात आणि २०२० पासून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) आहे. अलिबागकडे जाणाऱ्यांनी थोडं लवकर येऊन हा नाश्ता करावा.

पण मला खरं लिहायचंय ते खानावळींबद्दल. लालबाग-परळच्या चाळींत एकेका बाईकडे पंधरा-वीस गडी जेवायला असायचे. त्यांना 'मेंबर' म्हणत. महिन्याचे पैसे महिन्याला. गिरणीची पाळी सुटली की मेंबर येऊन भिंतीला टेकून पंगतीत बसायचे. भाकरी, पातळ आमटी, एखादी भाजी, बुधवारी-रविवारी बांगडा किंवा सुकटीचं कालवण. पगार लांबला की बाईचंही उधार वाढायचं, ती सावकाराच्या दारात जायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या आणि मेंबरच उरले नाहीत. ज्यांनी आम्हांला खाऊ घातलं त्या बायकांच्या नावाची पाटी कुठल्याही दारावर नव्हती, म्हणून इथे लिहिलं.

आता त्या भागात गेलो की आंबेडकर रोडवर लाडू सम्राटला बसतो. मिसळ, कोथिंबीर वडी, आणि घरी न्यायला डिंकाचे लाडू. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र जाऊ नका, उभं राहायला जागा नसते.

बाजारगेट

माझं छोटंसंच. सीएसएमटीला उतरून बाजारगेटच्या बाजूला पंचम पुरीवाला. गरम फुगलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची रस्साभाजी. गावाहून पहाटेच्या गाडीने येणारा प्रत्येक पाहुणा मी आधी तिथे नेतो, घरी नंतर. टेबलं चिकटून असतात, समोर अनोळखी माणूस बसणार हे धरून चाला. गाडीला वेळ कमी असेल तर कॅपिटॉलच्या इमारतीतलं आराम. वडापाव घ्या आणि सोबत ताक.

खलाशी

मी मर्चंट नेव्हीत आहे. बोटीवर जेवण वाईट नसतं, पण महिनोन्‌महिने तेच स्वयंपाकघर, तीच चव. मुंबईला बोट लागली आणि सुट्टी मिळाली की माझे पाय आपोआप कुलाब्याला वळतात. कॉजवेवर लिओपोल्डच्या समोर ऑलिंपिया आहे, १९१८ पासूनचं. लिओपोल्डला पर्यटक, ऑलिंपियाला टॅक्सीवाले, दुकानांतली पोरं, ससून डॉकवरून काम आटोपून आलेली माणसं. संगमरवरी टेबल, भिंतींना आरसे. सकाळी जायचं आणि खिमा मागवायचा. बारीक खिमा, वर तेलाचा तवंग, सोबत पाव. पाव तोडून त्याच्या टोकाने खिमा उचलायचा, चमच्याची गरज नाही. लिंबू पिळायचं ते शेवटच्या अर्ध्या भागावर. नाहीतर सगळी ताटली एकाच चवीची होते. जगातल्या बऱ्याच बंदरांत उतरून खाल्लंय. रॉटरडॅममध्ये हेरिंग आवडला, सिंगापूरच्या हॉकर सेंटरमधला लाक्सा तर फारच आवडला. पण परत आलो याची खात्री या खिम्यानेच पटते.

तिरफळ

मासे खाणाऱ्यांसाठी लिहिते. मी मूळची वेंगुर्ल्याची, लग्नानंतर दादरला. बाहेर मासे खायला मी दोनच ठिकाणी निर्धास्त जाते. दादरचं सिंधुदुर्ग आणि वांद्रे पूर्वेचं हायवे गोमंतक. हायवे गोमंतक गुरुवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा, आमच्या किती पाहुण्यांनी हेलपाटा घातलाय.

हॉटेल कसं आहे हे मी बोंबलावरून ठरवते. ओल्या बोंबलात पाणीच जास्त. तो उभा चिरून, काटा काढून, पसरून वजनाखाली दाबून ठेवावा लागतो, तेव्हा कुठे पाणी निथळतं. मग मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून तांदळाच्या पिठात-रव्यात घोळवून तळायचा. हे दाबण्याचं काम ज्यांनी टाळलं त्यांचा बोंबील तव्यावर तुटतो, नाहीतर पीठ जाड लावून ते झाकतात. नीट केलेला बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा मऊ.

दुसरं, सगळ्यांना सुरमई आणि पापलेटच का हवं असतं? बांगड्याचं तिरफळ घातलेलं सार मागवून बघा. मुडदुशा असतील तर त्या आधी घ्या. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं मिळालं तर सोडू नका. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांची वीण चालू असते म्हणून. त्या दोन महिन्यांत ताटात ताजी सुरमई आली तर ती कुठून आली असेल याचा विचार करा. त्या दिवसांत मी सुकटीची कोशिंबीर, सुक्या बोंबलाचं कालवण आणि चिंबोऱ्या खाते. पापलेट आता राज्यमासा आहे, २०२३ मध्ये जाहीर झालं. तेव्हा कृपा करून तळहाताएवढं पिल्लू स्वस्त मिळतं म्हणून मागवू नका. अंडी घालण्याआधीच ते ताटात आलं तर पुढच्या वर्षी कोळ्याच्या जाळ्यात काय येणार?

खलाशी

तिरफळ, बोंबलाबद्दल शंभर टक्के. सायन कोळीवाड्याची तळलेली कोळंबीही राहू देऊ नका. फाळणीनंतर तिथे वसलेल्या पंजाबी निर्वासितांच्या हॉटेलांतून ती सगळ्या मुंबईभर पसरली. बेसन-ओव्याचं आवरण त्यांचं, कोळंबी इथली.

किंग्ज सर्कल

सगळे फोर्ट-कुलाब्यातच अडकलेत, म्हणून माटुंग्याचं लिहितो. नोकरीसाठी आलेल्या दाक्षिणात्य मंडळींनी हा भाग वसवला आणि त्यांच्या जेवणाची सोय म्हणून इथली बोर्डिंगं निघाली. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनला लागूनच मार्केटच्या पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासून. केळीच्या पानावर जेवायचं. भात, सांबार, रसम, दोन भाज्या, पुऱ्या किंवा पोळ्या, पापड, दही. वाढपी न विचारता भात टाकून जातो, म्हणून नको असेल तेव्हा पानावर हात आडवा धरायचा. रसम भातावर घेण्याआधी वाटीतून दोन घोट पिऊन बघा, मिरी आणि हिंग लगेच कळतात. कॉलेजात असताना आम्ही दुपारचे तास बुडवून जायचो ते रात्री जेवायचोच नाही.

रविवारी सकाळी कॅफे मद्रासला तासभर थांबायची तयारी असेल तरच जा. आम्ही आडवारी सकाळी सातच्या सुमारास जातो. त्या वेळी मॉर्निंग वॉकवाले आजोबा-आजी, हातात पेपर, समोर फिल्टर कॉफी. रसम वडा मागवायचा.

दो टाकी

भेंडीबाजारचं कुणीच लिहिलं नाही? नूर मोहम्मदी, १९२३. नळी निहारी. रात्रभर मंद आचेवर शिजलेली, नळीतला मगज ताटलीत झटकून काढायचा, वर आलं आणि लिंबू. लोक मोहम्मद अली रोडला फक्त रमजानमध्ये जातात. तेव्हा मिनारा मशिदीसमोरचे मालपुवे आणि सकोऱ्यातली फिरनी खावीच, पण निहारीसाठी साधा दिवस बरा. निवांत बसता येतं. आमचा मोहल्ला पुनर्विकासात झपाट्याने बदलतोय, ओळखीच्या खुणा एकेक करून नाहीशा होताहेत. पुढच्या वर्षी जाऊ असं म्हणू नका.

ठाकूरद्वार

खोताच्या वाडीतलं अनंताश्रम आता नाही, हे लिहितानाही वाईट वाटतं. वडील रविवारी घेऊन जायचे. जेवताना गप्पा मारत बसलेलं तिथे चालत नसे, मागे रांग असायची. तिसऱ्यांची आमटी आणि भात, बास. आता गिरगावात गेले की विनय हेल्थ होमची मिसळ आणि पणशीकरांचं पियूष यावर समाधान मानते.

दादरकरांना सांगते, साबुदाणा वडा मात्र तुमच्या प्रकाशचाच. बाहेरून खरपूस, आत साबुदाणा मोकळा आणि दाण्याचं कूट हाताला लागेल असं जाडसर. चतुर्थीला संध्याकाळी तिथे सगळी उपासाची माणसं असतात, एकमेकांना जागा करून देतात. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते!

परत आलेली

सगळ्यांचे अनुभव वाचले. बारा वर्षांनी सिडनीहून येतेय. तिथेही बंदर आहे, फिश मार्केट आहे, पण सोलकढी नाही. प्रश्न असा, आई शहात्तर वर्षांची, गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, तिखट चालत नाही. तिला एक दिवस गेटवे दाखवून बाहेर जेवायला न्यायचंय. कुठे नेऊ?

किंग्ज सर्कल

रामा नायक नको, पहिला मजला आहे आणि जिना सोपा नाही.

ऑफिसवाली (धागा काढणारी)

ब्रिटानियाला न्या. तळमजल्यावर आहे, गेटवेवरून टॅक्सीने फार लांब नाही आणि बेरी पुलाव मुळीच तिखट नसतो. एक मागवून दोघींत खा, मग कस्टर्डला जागा राहील. दुपारी उघडल्या उघडल्याच जा, एक वाजला की ऑफिसांची गर्दी सुरू होते आणि आईंना उभं राहावं लागेल. निघण्याआधी त्या दिवशी चालू आहे ना हे फोन करून विचारा. टॅक्सी बॅलार्ड पिअरच्या बाजूने घ्यायला सांगा, झाडांची सावली असते आणि अगदी दारात उतरता येतं.