मुंबई बंदराचा जुना सागरी नकाशा ए-२ मध्ये छापायचाय

कपाशी_आर्वी
आर्वीजवळच्या आमच्या जिनिंगच्या ऑफिसात मुंबई बंदराचा जुना सागरी नकाशा लावायचाय. इथल्या कापसाच्या गाठी पूर्वी तिकडेच जायच्या, म्हणून. बेलँ या फ्रेंच नकाशाकाराच्या १७६४ च्या नकाशाचं स्कॅन मिळालंय, लांब बाजू २६०० पिक्सल. ए-२ निघेल का? कागद कोणता? आणि रुईच्या धुळीचं काय?

फॅदम_सहा_फूट
भाऊ, ए-२ ची लांब बाजू ५९.४ सेंमी. त्यावर इंचाला जेमतेम १११ पिक्सल पडतात. किनाऱ्याची रेघ खपून जाईल, पण खोलीचे आकडे फुटतील, आणि सगळी मजा त्या आकड्यांतच आहे. सॉफ्टवेअरने पिक्सल वाढवू नका, ३ चा ८ होतो. मूळ पानच वीतभर आहे, या फाइलचा ए-४ छान येईल.

पण गाठींसाठी लावायचा तर काळच जुळत नाही. १७६४ मध्ये मुंबईची बेटं सुटी होती, रेल्वे नागपुरात १८६७ ला पोचली. त्या सुमाराचा ब्रिटिश ॲडमिरल्टीचा, म्हणजे नौदल खात्याचा, चार्ट (सागरी नकाशा) शोधा. टिफ फाइलच घ्या, जेपेगमध्ये आकड्यांभोवती भुरभुर दिसते. या चार्टचं पान मोठं असतं. अख्खं ए-२ वर बसवलं तर वाचायला भिंग लागेल. त्यापेक्षा कुलाबा ते घारापुरी एवढाच तुकडा मूळ मापात छापा, इंचाला ३०० पिक्सलने. आकडे फॅदममध्ये, १ फॅदम म्हणजे ६ फूट. बाजूला एम दिसला तर तळाशी चिखल, एस म्हणजे वाळू, आर म्हणजे खडक. खाली रेघ असलेले आकडे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जागेची उंची सांगतात, खोली नव्हे.

सागवान_चौकट
फ्लेक्सवाल्याकडे जाऊच नका. पिग्मेंट शाई आणि पांढरा मॅट कॉटन कागद, २०० ते ३०० जीएसएम (कागदाचं वजन, ग्रॅम दर चौरस मीटर). क्रीम कागद नको. स्कॅनचा पिवळेपणा आधीच आहे, वर कागदाचा आला की चहा सांडल्यागत दिसतं. चारी बाजूंनी २ सेंमी कोरं सोडा, नाहीतर माउंट (काच आणि कागद यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट) नकाशाच्या कडेची अक्षांश-रेखांशांची पट्टीच खातं.

माउंट ॲसिड-फ्री, ५ सेंमी रुंद. ते नसलं आणि कागद काचेला टेकला, तर पावसाळ्यात चिकटतो. मागे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) नको, ओल धरून फुगतो. पाटीवाल्यांकडची ३ मिमी एसीपी (ॲल्युमिनियम-प्लास्टिकची) शीट चालते. कागद फक्त वरच्या दोन टोकांना, पातळ कागदी पट्टी आणि कणकेच्या खळीने टांगा. चारी कडा चिकटवल्या की मे-जुलैच्या फरकात लाटा येतात. सेलोटेप तर नकोच, पिवळा डाग कायमचा. मागची फट कागदी टेपने पूर्ण बंद करा, रुई तिथूनच शिरते. कोपऱ्यांना १ सेंमी बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंतीची ओल लागत नाही. पश्चिमेची भिंत टाळा.

कपाशी_आर्वी
तुकडा छापायचं पटलं. काच की ॲक्रिलिक?

सागवान_चौकट
काच, २ मिमी. ॲक्रिलिक कोरड्या हवेत पुसलं की स्थिर वीज धरतं आणि रुई ओढून घेतं. काच पुसतानाही पाणी कापडावर घ्या, थेट फवारलं तर खालच्या फटीतून माउंटमध्ये उतरतं.